तेल सोडलं, चॉकलेट सोडलं, तरी पिंपल्स येतातच. आता अजून काय सोडू?

पत्र थोडक्यात असं आहे: वय २२, पहिलीच नोकरी. सोळाव्या वर्षापासून पिंपल्स येतात, कपाळ आणि नाक दुपारपर्यंत तेलाने चमकायला लागतं. पाच महिन्यांपूर्वी बरेच व्हिडिओ बघून तिने स्वतःच डाएट ठरवलं. तेल, बटर, दाणे, बदाम, चॉकलेट, तळलेलं सगळं बंद. आता सकाळी कॉर्नफ्लेक्स आणि फॅट काढलेलं दूध, अकरा वाजता ग्लासभर ज्यूस, दुपारी पांढरा भात आणि उकडलेली भाजी, जिममधून आल्यावर व्हे प्रोटीनचा शेक, रात्री सूप आणि दोन टोस्ट. वजन ७ किलो उतरलं. कपाळ जरा बरं आहे पण हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला मोठे, दुखरे पिंपल्स येतायत. नवीन पिंपल दिसला की आई विचारते, "काल काय खाल्लंस?" ताई सगळं खाते, तिचा चेहरा स्वच्छ. पुढच्या महिन्यात जवळच्या मैत्रिणीचा वाढदिवस आहे, तिथे केक खावा लागेल म्हणून जाऊ नये असं वाटतंय. पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे की पाळी दोनदा लांबली. आणि प्रश्न एकच: आता अजून काय सोडू?

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हातात पेन घेऊन. तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते, अजून काहीही सोडू नकोस, उलट यातलं बरंचसं परत ताटात यायला हवं. आणि ती पाळीची शेवटची ओळ माझ्या दृष्टीने पूर्ण पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे, तिच्याकडे मी येतेच, पण आधी तू सोबत पाठवलेल्या वहीच्या पानाबद्दल बोलू.

किती मन लावून लिहिलंयस ते. डावीकडे तारीख आणि खाणं, उजवीकडे चेहरा. १४ तारखेला "ऑफिसमध्ये केक, १ तुकडा" आणि १५ तारखेला "डावा गाल, १, लाल", आणि मधे लाल पेनने बाण. पण त्याच पानावर जरा वर बघ, ९ तारखेला तू चार क्रीमची बिस्किटं लिहिलीयस आणि १० तारखेला चेहऱ्यावर नवीन काहीच नाही. तिथे बाण नाहीये. १७ ला दोन नवीन पिंपल्स लिहिलेयस आणि १६ तारखेचं खाणं म्हणजे अगदी तुझ्या नियमात बसणारं, तिथे बाणाच्या जागी प्रश्नचिन्ह काढलंयस आणि बाजूला लिहिलंयस, "काहीतरी चुकून खाल्लं असेल". हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. पिंपल आला म्हणजे माझ्या हातून चूक झालीच असणार, हे तू आधीच धरून चाललीयस आणि वही फक्त ती चूक शोधायला वापरतेयस.

आता पिंपल बनतो कसा ते नीट सांगते कारण ते कळलं की तो बाण आपोआप गळून पडेल. त्वचेवर केस उगवतो त्या प्रत्येक छिद्राला लागून तेलाची एक ग्रंथी असते, चेहरा, छाती आणि पाठीवर त्या मोठ्या आणि दाटीने असतात. ती ग्रंथी जे तेल बनवते त्याला सीबम म्हणतात. छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी चिकटून बूच बसायला लागतं, मागे तेल साठतं, तिथे क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस नावाचे जिवाणू वाढतात (ते सगळ्यांच्याच त्वचेवर असतात, तू अस्वच्छ आहेस असा त्याचा अर्थ अजिबात नाही) आणि मग शरीर सूज आणतं, तो आपल्याला दिसणारा लाल दाणा. बूच बसायला सुरुवात झाल्यापासून दाणा दिसेपर्यंत कित्येक आठवडे जातात. शेवटची सूज एका रात्रीत येऊ शकते, म्हणून आपल्याला वाटतं की हा कालपर्यंत नव्हता, पण आतमध्ये तो होताच. १५ तारखेचा तुझ्या गालावरचा पिंपल त्या केकच्या खूप आधीपासून तिथे तयार होत होता. त्यामुळे "काल काय खाल्लंस" या प्रश्नाला खरं तर उत्तरच नाहीये.

दुसरी गोष्ट म्हणजे तेल. खाल्लेलं तेल चेहऱ्यावर येतं हे आपण लहानपणापासून इतक्यांदा ऐकलेलं असतं की त्यावर कोणी प्रश्नच विचारत नाही. पण सीबम ही ग्रंथी स्वतः बनवते, त्यात मेणासारखे पदार्थ असतात, स्क्वालीन नावाचा एक पदार्थ असतो, आणि ते किती बनवायचं याचा हुकूम मुख्यतः अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी समजले जाणारे हॉर्मोन्स देतात. हे हॉर्मोन्स मुलींच्या शरीरातही असतात, वयात येताना वाढतात, म्हणूनच हा सगळा प्रकार बऱ्याच जणांचा तेरा-चौदा-सोळाव्या वर्षी सुरू होतो. ताटातलं तेल पचून रक्तातून फिरून थेट कपाळावर पाझरतं असा काही रस्ता नाहीये. हां, तेल बाहेरून लागलं तर गोष्ट वेगळी, तळणाच्या धुरात तासन् तास उभं राहणं किंवा केसांचं तेल, जेल कपाळावर उतरणं याने छिद्रं बुजू शकतात आणि केसांच्या कडेकडेने बारीक दाणे येतात. पण ते लावलेलं तेल झालं, खाल्लेलं नाही.

मीही या समजुतीत एक अख्खं वर्ष घालवलंय. कॉलेजात होते, आत्याने सांगितलं तळकट बंद कर, केलं. रोज रात्री बाथरूमच्या ट्यूबलाइटखाली आरशाला नाक लावून उभी राहायचे आणि जे दिसेल ते नखाने काढायचे. चेहऱ्यात फरक पडला तो नंतर, डॉक्टरांनी क्रीम दिलं आणि हात लावायचा नाही असं बजावलं तेव्हा. डाव्या कानशिलाजवळ दोन खड्डे आहेत अजून, ते खाण्याने नाही पडले, नखाने पडले. म्हणून तुला कळकळीने सांगते की फोडू नकोस, हनुवटीवरचे ते दुखरे मोठे तर अजिबातच नको.

मग खाण्याचा संबंधच नाही का? तसंही नाहीये. आणि इथे मला तुझं दिवसभराचं खाणं वाचून चुटपुट लागली, कारण ज्या गोष्टींबद्दल थोडाफार पुरावा आहे नेमक्या त्याच तू "हेल्दी" म्हणून वाढवल्यायस.

झटकन साखर होणारे पदार्थ, म्हणजे गोड पेयं, पांढरा ब्रेड, मैद्याचं, बरेचसे पॅकेटमधले सीरियल, हे खाल्ले की रक्तातली साखर पटकन चढते आणि तिला आवरायला इन्शुलिन जास्त लागतं. इन्शुलिन वाढलं की त्याच्यासारखंच काम करणारं एक वाढीचं हॉर्मोन, आयजीएफ-१, तेही जोर धरतं, आणि ही जोडी तेलाच्या ग्रंथींना चालना देते, अँड्रोजेनचा परिणाम वाढवते आणि छिद्राच्या तोंडाशी पेशी भराभर वाढवते. म्हणजे तेल, बूच, दोन्हीकडून. कुठला पदार्थ साखर किती वेगाने चढवतो ते मोजायला ग्लायसेमिक इंडेक्स म्हणून एक आकडा वापरतात, शुद्ध ग्लुकोज १०० धरायचं, ७० आणि वर म्हणजे जास्त, ५५ आणि खाली म्हणजे कमी. कॉर्नफ्लेक्स ८० च्या आसपास येतात. पांढऱ्या ब्रेडचा टोस्ट ७० च्या वर. पांढरा भात जातीप्रमाणे मध्यम ते जास्त. आणि ज्यूसचा आकडा इतका वाईट नसला तरी ग्लासभर ज्यूस म्हणजे तीन-चार फळांची साखर चोथ्याशिवाय पाच मिनिटांत पोटात, तीच तीन-चार फळं तू एका बैठकीत चावून खाल्ली नसतीस. तू तेल काढलंस, दाणे काढले, मग पोट भरायला उरलं काय, तर हेच सगळं. तेल आणि दाणे जेवणात असतात तेव्हा साखर चढायचा वेग उलट कमी होतो.

यावर ऑस्ट्रेलियात मेलबर्नमध्ये एक प्रयोग झाला होता, २००७ साली छापून आला. १५ ते २५ वयाची पिंपल्स असलेली ४३ मुलं घेतली, अर्ध्यांना बारा आठवडे प्रोटीन जास्त आणि साखर हळू चढवणारं खाणं, बाकीच्यांना नेहमीचं. पहिल्या गटातले पिंपल्स सरासरी साधारण २३ ने कमी झाले, दुसऱ्या गटातले १२ ने. दोन गोष्टी बघ यात. फरक पडला, हे खरं. पण ज्यांनी खाण्यात काही बदललं नाही त्यांचेही १२ ने कमी झालेच, म्हणजे पिंपल्स आपले आपणही वरखाली होत असतात, आणि तेव्हा जो पदार्थ आपण नुकताच सोडलेला असतो त्याला सगळं श्रेय मिळतं. शिवाय त्या मुलांचं वजनही उतरलं, त्यामुळे फायदा नेमका कशाने झाला ते सुटं करून सांगणं अवघड. २०१२ मध्ये कोरियात ३२ जणांवर दहा आठवड्यांचा असाच प्रयोग झाला, त्यात त्वचेचे नमुने तपासले तर तेलाच्या ग्रंथी आकाराने लहान झालेल्या दिसल्या. आशा वाटावी असं आहे हे, पण माणसं किती कमी आहेत ते बघ. अमेरिकेतल्या त्वचातज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये ज्या मार्गदर्शक सूचना दिल्या त्यात आहाराबद्दल ठाम शिफारस करण्याएवढा पुरावा नाही असंच म्हटलंय. त्यामुळे कोणी तुला व्हिडिओत छातीठोकपणे सांगत असेल की हे पाच पदार्थ सोडा आणि एकवीस दिवसांत चेहरा काचेसारखा, तर तो ठामपणा त्यांनी आणला कुठून हा प्रश्न मनात येऊ दे.

दुधाचंही थोडं असंच. दुधाचा ग्लायसेमिक इंडेक्स कमी असतो पण त्याच्या मानाने इन्शुलिन बरंच वाढतं, त्याला दुधातली प्रोटीन्स कारण आहेत, विशेषतः व्हे. अमेरिकेत ४७ हजारांहून जास्त नर्सेसना त्यांच्या शाळेच्या वयातल्या खाण्याबद्दल विचारलं होतं, २००५ मध्ये ते प्रसिद्ध झालं, दूध जास्त पिणाऱ्यांमध्ये त्या वयात पिंपल्सचा त्रास थोडा जास्त निघाला, आणि गंमत म्हणजे संबंध सगळ्यात ठळक होता तो फॅट काढलेल्या दुधाशी. आता वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मी रोज किती दूध प्यायचे हे कोणाला धड आठवणार, तेव्हा याला शेवटचा शब्द मानू नकोस, पण फॅट काढलं की दूध त्वचेला चांगलं होतं या समजुतीला यातून काहीच आधार मिळत नाही एवढं नक्की. आणि व्हे पावडर म्हणजे तर दुधातला तोच भाग आटवून डब्यात भरलेला. जिम सुरू केल्यावर, पावडर सुरू केल्यावर पिंपल्स वाढले आणि बंद केल्यावर ओसरले अशा नोंदी डॉक्टरांनी बऱ्याच केल्यायत, मोठे प्रयोग फारसे नाहीत. तू लिहिलंयस की जबड्याकडेचे पिंपल्स साधारण तीन महिन्यांपासून आहेत आणि शेक चार महिन्यांपूर्वी सुरू केलास. तुझ्या वहीत एवढे बाण आहेत पण शेकपासून निघालेला एकही नाही, कारण शेक तुझ्या डोक्यात "चांगल्या" रकान्यात आहे.

चॉकलेटही सोडलंयस म्हणून सांगते, १९६९ साली ६५ जणांना चार आठवडे रोज चॉकलेट बार आणि चार आठवडे चॉकलेट नसलेला बार देऊन पाहिलं होतं, फरक दिसला नाही, आणि मग कित्येक वर्षं सगळीकडे हेच सांगितलं गेलं की खाण्याचा आणि पिंपल्सचा संबंध नाही. पण तो दुसरा बारही साखर आणि फॅटने तेवढाच भरलेला होता. म्हणजे कोकोबद्दल काही कळलं असेल, साखरेबद्दल काहीच नाही. नंतरचे काही छोटे प्रयोग चॉकलेटच्या विरुद्ध गेलेयत. माझं मत विचारशील तर आठवड्यातून एकदा दोन तुकडे खाल्ल्याने तुझ्या चेहऱ्याचं काही ठरत नाही.

आता ताई. "ती सगळं खाते आणि तिला काही होत नाही" या वाक्यात मला राग कमी आणि दुखावलेपण जास्त दिसलं. पण हेच वाक्य तुझ्या बाजूने वाच ना. खाणं हेच मुख्य कारण असतं तर एकाच स्वयंपाकघरातलं जेवून दोघींचे चेहरे सारखे असते. जुळ्या बहिणींवर झालेल्या एका मोठ्या ब्रिटिश अभ्यासात पिंपल्समधला जवळपास ८१ टक्के फरक आनुवंशिक निघाला, आणि सख्ख्या बहिणींनासुद्धा आईवडिलांकडून मिळणारी गुणसूत्रांची सरमिसळ वेगळी असते. पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावरचं उदाहरण तू दिलंयस, तिथे १२०० लोक तपासले आणि एकालाही पिंपल नव्हता, हे बरोबर आहे, २००२ मध्ये ते छापून आलं. ते लोक कंदमुळं, फळं, मासे आणि नारळ खातात, आणि बघ, नारळ आहे त्यात, फॅट आहे. शिवाय त्यांची अनुवंशिकता, उन्हातलं जगणं, सगळंच वेगळं. त्यांच्या ताटाची नक्कल करून त्यांचा चेहरा येईल अशी खात्री कोणी देऊ शकत नाही.

बरं, मग करायचं काय. सगळ्यात आधी जे सोडलंयस ते परत आण, आजच्या जेवणापासून. तेल नेहमीएवढं, मूठभर दाणे किंवा बदाम, अंडी खात असशील तर अंडी, मासे चालत असतील तर मासे, डाळी आणि कडधान्यं रोज. ही त्वचेसाठी केलेली चैन नाहीये, तुझं शरीर पाच महिने कमी इंधनावर चाललंय. त्यानंतर एकच बदल निवड. एकच. मी असते तर व्हेची पावडर थांबवली असती, कारण ती नसल्याने कसलंच नुकसान नाही, प्रोटीन जेवणातून मिळतं. ती बंद करून बारा आठवडे थांब. कमी नाही, कारण आत तयार होत असलेले पिंपल्स बाहेर येऊन संपायलाच तेवढा वेळ लागतो, दोन आठवड्यांत निकाल लावणारे सगळे प्रयोग फुकट जातात. त्यात फरक वाटला नाही तर मग सकाळचा नाश्ता बदल, कॉर्नफ्लेक्सच्या जागी अख्खं धान्य किंवा कडधान्य किंवा अंडी, आणि ज्यूसच्या जागी ते फळ. हा बदल तर पिंपल्ससाठी उपयोगी पडला नाही तरी तब्येतीला चांगलाच. दुधाचा प्रयोग सगळ्यात शेवटी, तोही करावासा वाटला तरच, आणि दूध काढशील तर कॅल्शियम दुसरीकडून भरून काढायची सोय आधी कर.

आणि वही बंद. तिच्याऐवजी दर दोन आठवड्यांनी एकाच खिडकीशी, एकाच वेळेला, तीन फोटो, समोरून आणि दोन्ही बाजूंनी, आणि मधल्या काळात आरशाजवळ जाऊन मोजणी करायची नाही. रोज बघणाऱ्याला सुधारणा दिसत नाही गं, रोज फक्त नवीन दाणा दिसतो.

पण खाण्यावर हे सगळं लिहूनही सांगते की खाण्याला एवढं ओझं देऊ नकोस, ते जोडीला आहे, मुख्य काम औषधाचं आहे. सहा वर्षं पिंपल्स आहेत आणि तू एकदाही डॉक्टरांकडे गेली नाहीस, "नैसर्गिक पद्धतीने घालवायचे होते" असं लिहिलंयस. अगं, तेल सोडणं नैसर्गिक आणि क्रीम लावणं अनैसर्गिक असं काही नसतं. बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्क्यांचं, अ‍ॅडापलीन ०.१ टक्क्यांचं, ही वर्षानुवर्षं वापरातली, नीट तपासलेली औषधं आहेत. पहिलं जिवाणू कमी करतं (टॉवेल आणि उशीच्या अभ्र्याचा रंग उडवतं, पांढरे वापर), दुसरं बूच बसू देत नाही, सुरुवातीला त्वचा कोरडी होते, सोलल्यासारखी होते, म्हणून एक दिवसाआड आणि मटारच्या दाण्याएवढंच, पूर्ण चेहऱ्याला. यालाही आठ ते बारा आठवडे. अ‍ॅडापलीन गरोदरपणात चालत नाही हे ही ओळ वाचणाऱ्या प्रत्येकीने लक्षात ठेवा. चेहरा दिवसातून दोनदाच सौम्य फेसवॉशने, तू पाच वेळा धुतेस ते थांबव, स्क्रब टाक, आणि स्किन तेलकट असली तरी हलका मॉइश्चरायझर लाव. तुझे दुखरे, खोलवरचे पिंपल्स आहेत, डाग राहतायत, म्हणजे तू सरळ त्वचातज्ज्ञांकडेच जा. आणि तुला एक गोष्ट सांगून ठेवते, गंभीर पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइन नावाची जी गोळी देतात ती फॅट असलेल्या जेवणाबरोबरच घ्यायला सांगतात, नाहीतर ती नीट शोषली जात नाही. तेलाच्या ग्रंथी आकसवणारं सगळ्यात जोरदार औषध, आणि ते फॅटबरोबर घ्यायचं. (तिच्याबाबत गरोदरपणाचा नियम फार कडक आहे, आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय कधीच नाही.)

हे पत्र छापतेय त्याचं एक कारण म्हणजे अशीच पत्रं मुलांकडूनही येतात, जिम लावून सहा महिने झाले आणि पाठ भरून गेली म्हणून. त्यांनी आधी डब्यावरची यादी वाचावी, व्हे आहे का, आणि बी-१२ चे मोठे डोस किंवा इंजेक्शनं चालू आहेत का ते बघावं, त्यानेही काही जणांना पिंपल्ससारखं पुरळ उठतं. फक्त बी-१२ डॉक्टरांनी कमतरतेसाठी दिलं असेल तर आपल्या मनाने थांबवू नका, विचारा. जिममध्ये कोणी "ताकदीचं" इंजेक्शन देत असेल तर ते स्टिरॉइड असू शकतं, त्याने नुसती पाठच नाही, बरंच काही बिघडतं. आणि गोरं करणारी, लगेच फरक दाखवणारी क्रीम कोणी देत असेल तर त्यातही स्टिरॉइड असायची शक्यता असते, चार दिवस चेहरा छान दिसतो आणि नंतर लाल, पातळ त्वचा आणि पिंपल्सचं रान.

आता ती शेवटची ओळ. पाळी दोनदा लांबली. पाच महिन्यांत सात किलो, फॅट जवळजवळ शून्य, वर जिम, यानेही पाळी लांबते, शरीर म्हणतं आत्ता परवडत नाही. दुसरी शक्यता पीसीओएसची, म्हणजे अंडाशयांशी जोडलेल्या हॉर्मोन्सच्या बिघाडाची, त्यात अँड्रोजेन वाढलेले असतात, पाळी अनियमित होते, हनुवटी-जबड्याकडे पिंपल्स, कधी चेहऱ्यावर केस, आणि बऱ्याच जणींमध्ये इन्शुलिनही नीट काम करत नसतं. यातलं काय आहे ते पत्रावरून मला सांगता येणार नाही, आणि तूही व्हिडिओवरून ठरवू नकोस, कारण दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत, एकात जास्त खायला सांगतील आणि दुसऱ्यात वेगळं काही. आणि अजून एक विचारते, रागावू नकोस. केक असेल म्हणून मैत्रिणीकडे न जाणं, चुकून काही खाल्लं की रात्री झोप न येणं, हे पिंपल्सच्या पलीकडे गेलंय असं तुला वाटतं का? वाटत असेल तर डॉक्टरांना तेही सांग, जेवणाची भीती बसणं हा खरा आजार असू शकतो आणि त्यावर मदत मिळते.

पुढचं एवढं आईला वाचून दाखव. आई, तुम्ही काळजीपोटी विचारता हे तुमच्या मुलीलाही माहीत आहे, तिने पत्रात तसं लिहिलंय. पण "काल काय खाल्लंस" हे तिला जेवताना प्रत्येक घासाला ऐकू येतं. पिंपल तिच्या कालच्या खाण्याने आलेला नसतो. तिच्या चेहऱ्याकडे बघून बोलायचं ते दोन-तीन महिने थांबवा, तिला पोटभर वाढा, आणि डॉक्टरांकडे जाताना तिला हवं असेल तर सोबत जा.

वाढदिवसाला जा. केक खा, आवडला तर दुसरा तुकडाही घे, आणि दुसऱ्या दिवशी काही दिसलंच तर ते आधीपासून होतं हे तुला आता माहितीये.

डॉक्टरांची वेळ मात्र याच आठवड्यात घे. जाताना गेल्या सहा पाळ्यांच्या तारखा एका कागदावर लिहून ने, आठवतील तेवढ्या, पाच महिन्यांपूर्वीचं आणि आत्ताचं वजन लिही, आणि त्या पावडरच्या डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो काढून ने. ते काय म्हणाले ते मला कळव, मी वाट बघतेय.